विसरलं कोण?

माहितीपट कापताना मुख्य माणूस पडद्यावर कितव्या मिनिटाला आणायचा, यावर अर्धी फिल्म ठरते. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या 2012 सालच्या माहितीपटात गायक रॉड्रिग्ज येतो तो थेट मध्यावर. तोवर त्याची गाणी ऐकू येत राहतात आणि त्याच्या मरणाच्या कहाण्या. कुणी सांगतं, भर कार्यक्रमात त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. कुणी सांगतं, गोळी झाडून घेतली. आणि मग डेट्रॉइटमधल्या एका जुन्या घराची खिडकी उघडते नि काळा चष्मा लावलेला तोच माणूस समोर दिसतो. ही जागा मी पुढेमागे करून किती वेळा पाहिली असेल! स्वीडिश दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यानं फिल्मचं संकलनही स्वतःच केलं होतं. खिडकी दहा मिनिटं आधी उघडली असती तर सगळा ताण सांडून गेला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सिक्स्टो रॉड्रिग्ज हा डेट्रॉइटचा, मेक्सिकोतून आलेल्या कामगार कुटुंबातला. 1970 मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ आणि 1971 मध्ये ‘कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ अशा त्याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. अमेरिकेत त्या कुणी घेतल्या नाहीत. तो पाडकामावर, घरांच्या डागडुजीवर जाऊ लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या राजवटीत घुसमटलेल्या गोऱ्या तरुणांच्या घराघरांत हीच गाणी वाजत होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तिथल्या सरकारी नभोवाणीच्या संग्रहातली त्याची रेकॉर्ड फिल्ममध्ये दिसते. नको असलेलं गाणं कुणाला लावताच येऊ नये म्हणून त्याच्या खाचांवर टोकदार वस्तूनं ओरखडे काढलेले आहेत. सेन्सॉरशिपवर कुणी तासभर बोललं असतं तरी त्या ओरखड्यांइतकं अंगावर आलं नसतं. पुढे दोन चाहत्यांनी त्याला शोधून काढलं, 1998 मध्ये त्यानं दक्षिण आफ्रिकेत तुडुंब गर्दीसमोर कार्यक्रम केले आणि 2013 मध्ये फिल्मला ऑस्कर मिळालं.

आता फिल्ममध्ये जे नाही त्याबद्दल. 1979 आणि 1981 मध्ये रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाचा दौरा केला होता. तिथे त्याचं नाव होतं, श्रोते होते, तिकिटं काढून लोक आले होते. फिल्म ऑस्ट्रेलियाचं नावही घेत नाही. यावर टीका झाली, आणि ती वाचताना एक संकलक म्हणून मला तो कट का घेतला असेल हे लख्ख समजत होतं. गोष्ट सांगणारे दक्षिण आफ्रिकेचे. त्यांच्या लेखी हा माणूस मेलेला. मध्येच ऑस्ट्रेलिया आणला की खिडकीतला तो क्षण गेला. सगळं समजतं. तरी मला ते पटत नाही.

कारण ऑस्ट्रेलिया काढून टाकल्यावर उरतो तो वर्षानुवर्षं अंधारात बसलेला आणि शेवटी इतरांनी उजेडात ओढलेला माणूस. खरा रॉड्रिग्ज याहून फार मोठा आहे. लोकांनी भरलेल्या सभागृहात गाऊन तो घरी परतला आणि पुन्हा पाडकामावर गेला. टाळ्या एकदा मिळाल्यावरही ज्याला ते काम कमीपणाचं वाटलं नाही असा माणूस आपल्याला कळायला हवा होता. त्यासाठी खिडकी उघडून झाल्यानंतर दोन ओळींची पट्टी पुरली असती. ताणही टिकला असता आणि माणूसही अख्खा राहिला असता.

‘विस्मृतीत गेलेला कलाकार’ हा पुष्कळदा आम्हा संकलकांच्या टाइमलाइनवर तयार होतो, हे मला इतक्या ठामपणे म्हणावंसं वाटतं ते यामुळे. प्रसिद्धीची वर्षं ठेवायची, सापडण्याचा प्रसंग ठेवायचा आणि मधली वर्षं कापायची. झाला तयार विस्मृत कलाकार. याच फिल्ममधला मला सर्वांत प्रिय भाग मात्र मधल्या वर्षांचाच आहे. बांधकामावरचा एक सोबती सांगतो, हा धुळीच्या कामावरही समारंभाला निघाल्यासारखा कपडे करून यायचा. मुली सांगतात, वडील त्यांना ग्रंथालयात, संग्रहालयात हिंडवायचे. तो शहराच्या निवडणुकीला उभा राहिला, तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. हे सगळं कुणी ‘विसरलेलं’ नव्हतं. गल्लीला, मुलींना, सोबत्यांना तो रोज दिसत होता.

आपल्याकडे तर हा विषय दारातलाच आहे. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (1977) गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाच्या तोंडी बसलं, पण ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना माहीत होतं? गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे गुरू. भारतीय रागांना सिंफनीच्या वाद्यवृंदात आणायचं स्वप्न घेऊन त्यांनी 1958 मध्ये मुंबईत मोठा प्रयोग केला, पुढे अमेरिकेला गेले आणि अखेर माजोर्ड्याला येऊन राहिले. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही मराठी माणसानं केलेली फार मोलाची नोंद आहे. ‘रूप तेरा मस्ताना’ ऐकताना केरसी लॉर्ड यांचं अकॉर्डियन काढून टाकलं तर त्या गाण्यात काय उरेल? त्यांच्या घराण्यावर ‘द ह्यूमन फॅक्टर’ नावाचा माहितीपट आहे. पण रेकॉर्डच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार. वाजवणारे शंभर हात असोत, नाव एकाचंही नाही.

सध्या मी अशाच एका व्हायोलिनवादकांवरची फिल्म कापते आहे. सगळे त्यांना अंकल म्हणतात. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकले, मुंबईत आले, शेकडो गाण्यांत मागच्या रांगेत वाजवलं. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणात, एक शॉट आहे. फोनवर त्यांचंच एक गाणं लावलंय. गायिका गाते आहे आणि अंकलचा अंगठा उजव्या हाताच्या पेरांवरून सरकतो आहे. ते बार, म्हणजे स्वरलिपीतले तालाचे खंड, मोजताहेत. त्या अंतऱ्यात व्हायोलिनना कितीतरी बार काहीच वाजवायचं नाही. गायिकेकडे त्यांचं लक्ष नाही, कॅमेऱ्याकडे नाही. अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर येतो, मनगट किंचित वर उचललं जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनमधून व्हायोलिन सुरू होतात.

तो शॉट मिनिटभराचा आहे. वाहिनीवाल्यांचं म्हणणं, एवढा वेळ माणूस नुसता बसलेला कोण बघेल, मध्ये जुन्या सिनेमाचं दृश्य टाका. त्या दृश्याचे हक्क मिळवायचे तर आमचं सगळं बजेट त्यातच जाईल, हे एक. पण हक्क फुकट मिळाले असते तरी मी तिथे कापलं नसतं. न वाजवण्याची जागासुद्धा वाजवणाऱ्यानं सांभाळावी लागते, हे दुसऱ्या कुठल्या मुलाखतीत इतकं दिसणार? आणखी एक गोष्ट मी ठरवून टाळते. म्हाताऱ्या कलाकाराला त्याचं गाणं ऐकवायचं आणि डोळे भरून येईपर्यंत कॅमेरा लावून ठेवायचा. रडू येतंच, पण ते त्याचं काम नव्हे. त्याचं काम त्या पेरांवर आहे.

सुरुवातीची पट्टी दिग्दर्शकानं लिहून दिली होती: विस्मृतीत गेलेले वादक. ती मी काढायला लावली, कारण पहिल्याच दृश्यात रविवारच्या मिसनंतर अंकलच्या भोवती मुलं व्हायोलिन घेऊन बसलेली आहेत आणि एका मुलीच्या कोपराला वर ढकलून ते तिचा बो सरळ करताहेत. त्या मुलीच्या घरात ‘कोण हे अंकल?’ असं कुणी विचारणार नाही.

रफ कट त्यांना दाखवला तेव्हा स्वतःच्या दृश्यांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, माझ्या स्टँडवर माझ्या शेजारी कोण बसायचं ते यात कुठे आलंच नाही. मग त्यांनी रांगेतली नावं एकेक सांगितली आणि मी लिहून घेतली. कुणी माहीमचा, कुणी सांताक्रूझचा, कुणी मडगावला परत गेलेला. काहींची आडनावं आठवत होती आणि पहिली नावं नाहीत. तर काहींची फक्त बँडमधली टोपणनावं. दिग्दर्शक आता त्यांच्या घरच्यांना फोन लावतो आहे. ही नावं पूर्ण आणि बरोबर हाती येईपर्यंत मी फिल्म लॉक करणार नाही, असं त्याला सांगितलं आहे.