रेडिओ सिटी : एका नावाची मुशाफिरी

‘रेडिओ सिटी’ म्हटले की मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला ९१.१ आठवते. नाव मात्र कितीतरी जुने आहे आणि मुळात ते रेडिओ केंद्राचे नव्हतेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये ‘रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ ही मोठी भाडेकरू कंपनी. तिच्यामुळे त्या परिसराला हे नाव पडले. तिथले १९३२ साली उघडलेले ‘रेडिओ सिटी म्युझिक हॉल’ हे तर चक्क नाट्यगृह.

पुढचा मुक्काम थेट समुद्रात. थेम्सच्या मुखाशी ‘शिव्हरिंग सँड्स’ नावाचे, दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांसाठी उभारलेले लोखंडी मनोरे ओस पडले होते. ब्रिटनमध्ये नभोवाणी म्हणजे बीबीसी, दुसऱ्या कुणाला परवाना नाही. तेव्हा किनाऱ्यापासून दूर जाऊन गाणी वाजवायची, ही त्या काळच्या ‘चाच्या’ केंद्रांची युक्ती. १९६४ मध्ये गायक स्क्रीमिंग लॉर्ड सच याने या मनोऱ्यांवर ‘रेडिओ सच’ सुरू केले. काही महिन्यांतच त्याचा व्यवस्थापक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट याने ते स्वतःकडे घेऊन नाव ठेवले ‘रेडिओ सिटी’. चहूकडे पाणी, गंजके खांब आणि नाव मात्र नगरीचे!

या पोरखेळाला रक्ताचा डाग लागला. एका ट्रान्समीटरच्या व्यवहारावरून ऑलिव्हर स्मेडली याच्याशी कॅल्व्हर्टचे बिनसले. २० जून १९६६ च्या पहाटे स्मेडलीच्या बाजूच्या माणसांनी मनोऱ्यांचा ताबा घेतला. दुसऱ्या रात्री कॅल्व्हर्ट जाब विचारायला स्मेडलीच्या घरी गेला आणि तिथे गोळी लागून मेला. स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन स्मेडली निर्दोष सुटला. कॅल्व्हर्टची पत्नी डोरोथी हिने केंद्र चालू ठेवले. पण मनोरे ब्रिटिश सागरी हद्दीतच येतात असे न्यायालयाने ठरवल्यावर फेब्रुवारी १९६७ मध्ये तेही थांबले. चाच्यांविरुद्धचा नवा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागू झाला.

गंमत अशी की, सात वर्षांनी, १९७४ साली, लिव्हरपूलमध्ये याच नावाचे केंद्र सुरू झाले, तेही रीतसर परवाना घेऊन.

जुलै २००१ मध्ये बंगळूरला भारतातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले, तेही ‘रेडिओ सिटी’च. या केंद्रांत मालकीचे नाते काहीच नाही. परवाना इथेही मिळाला, पण गाण्यांपुरता. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती. लिव्हरपूलच्या केंद्राने २०२४ मध्ये हे नाव टाकून दिले. आता ते ‘हिट्स रेडिओ’ म्हणून ओळखले जाते.