गोवंडीतला भाजीचा वाटा

हार्बर मार्गावरच्या गोवंडी स्थानकात उतरले तेव्हा हातात मिठाईचा डबा होता. बऱ्याच वर्षांनी खालाकडे निघाले होते. बाहेर शेअर रिक्षा मिळाली. शिवाजीनगरचे नंबरांचे रस्ते मागे टाकून बैंगनवाडीकडे वळले की गल्ल्या अरुंद होतात आणि १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलणारा देवनारचा डोंगर दिसू लागतो.

वाटेत दुकाने पाहत होते. पाच रुपयांच्या वेफर्सच्या माळा दारोदार लटकलेल्या. भाजीच्या गाड्या मात्र मोजक्या. त्यांवर कांदे, बटाटे, मिरच्या आणि टोमॅटोचे छोटे छोटे वाटे.

खालाच्या सुनेला सहावा महिना लागलेला. दवाखान्यात रक्त कमी निघाले होते.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाजी, अंडी, फळं खा," खाला सांगू लागली. "पण बेटा, पालेभाजी धुवायला हंडाभर पाणी जातं, अन् आमच्या गल्लीत पाणी विकतचं. फ्रिज नाही. उरलेली भाजी सकाळी फेकायची. त्यापेक्षा बटाटा बरा."

मी गप्प झाले. गरीब घरात भाजी शिजत नाही ती माहिती नसल्यामुळे, असे आपण सहज म्हणून जातो. इथे माहिती होती. पाणी नव्हते.

घरात धान्य होते. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पोट त्यावर भरते. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे आहेत. म्हणजे पाच मोठ्या माणसांच्या घराला रोज २ किलो भाजी आणि अर्धा किलो फळे. खालाच्या टोपलीत त्या दिवशी टोमॅटोचा एक वाटा होता.

आणि भाजीचा घाऊक बाजार कुठे? गोवंडीहून गाडीत बसले की मानखुर्द, वाशी आणि तिसरे स्थानक सानपाडा. तिथून जवळच मुंबईला भाजी पुरवणारी बाजार समिती. खाडीपलीकडे ट्रकच्या ट्रक रिकामे होतात, अलीकडे वाटे लागतात.

"रमजानमध्ये बघ," खाला म्हणाली, "इफ्तारच्या आधी रस्ताभर कलिंगड, पपई, केळी. तेव्हा कुठून येतात?"

प्रश्न तिचा, उत्तरही तिचेच. त्या महिन्यात प्रत्येक घर फळ घेणार याची गाडीवाल्याला खात्री असते. उरलेले अकरा महिने ती नसते. नासलेला माल त्याच्याच अंगावर पडतो, म्हणून तो टिकणारेच आणतो.

ही खात्री गल्लीतल्या आठ बायकांनी आपसांत तयार केली आहे. नाव ठेवलेय 'भाजीची भिशी'. दर रविवारी प्रत्येकीचे शंभर रुपये. खालाचा धाकटा मुलगा पहाटे सानपाड्याला जातो, मालडब्यातून गोण्या आणतो. चटईवर आठ सारखे वाटे होतात. पालेभाजी त्याच दिवशी शिजते आणि एकाच पिंपाच्या पाण्यात सगळ्यांची धुतली जाते. गाजर, भोपळा, कोबी पुढच्या दिवसांसाठी.

पण मुलगा तापाने पडला तेव्हा भिशी तीन आठवडे बंद होती. एका पोराच्या खांद्यावर वस्तीचे आरोग्य किती दिवस चालणार? राज्याने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. मुंबई-पुण्यात शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरले. अशा बाजाराला बैंगनवाडीत एक मोकळी जागा आणि एक नळ मिळाला, तर आठ घरांची खात्री आठशे घरांची होईल. जागा आणि नळ देणे महापालिकेच्या हातात आहे. मागणे मात्र आपल्याला करावे लागेल, तेही सगळ्यांनी मिळून.

निघताना सून मिठाईचा डबा उघडून मला एक तुकडा देऊ लागली. तिचे फिकट हात पाहून मला डब्याची लाज वाटली.

"पुढच्या वेळी काय आणू?" मी विचारले.

खाला हसली. "गावाकडे शेवगा आहे ना तुमच्या दारात? पाला आण. शेंगाही आण. अन् बेटा, रविवारीच ये."