आयात केलेला विंचू

आयातीच्या त्या अर्जात एक रकाना होता : पदार्थ ज्या प्राण्यापासून मिळाला, त्याचा देश. मी खरं तेच लिहिलं. भारत.

खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्मा वर केला. "मॅडम, प्राणी इथलाच आहे, मग माल बाहेरून का मागवताय?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. मधल्या काळात मी बरेच पेपर लिहिले, विद्यार्थी घडवले, समित्यांवर बसले. त्या प्रश्नाचं धड उत्तर अजून जमलेलं नाही.

माझं मूळ सांगते आणि पुढे जाते. गाव उमरगा. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना कर्नाटकची हद्द लागायच्या जरा अलीकडे. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मराठी शाळा, बी.एस्सी. गावातच, एम.एस्सी. पुण्याला, पीएच.डी. बेंगळुरूत, मग अमेरिकेत चार-पाच वर्षं आणि परत पुण्याला. विषय आयन चॅनेल. पेशीच्या पडद्यात बसलेली प्रथिनं ही, उघडमीट करणारी दारं. दार उघडलं की पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण आतबाहेर करतात, आणि त्यावर आपल्या हृदयाचे ठोके, नसांमधले संदेश, रक्तवाहिन्यांचा ताण चालतो. यात मला सर्वांत नवल वाटतं ते एका गोष्टीचं. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. तरी पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियम भरधाव जातो आणि लहानगा सोडियम बाहेर राहतो. दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले असतात की पोटॅशियमला अंगावरचं पाणी उतरवून आत शिरणं परवडतं, सोडियमला परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८मध्ये अशा दाराची रचना दाखवली आणि २००३मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

बापूंना, म्हणजे वडिलांना, हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "किती अँपिअर?"

"पिको. एका अँपिअरचा लाख कोटीवा भाग. असे पाच-दहा."

"मग मीटरचा काटा तरी हलतोय का त्यानं?"

हलतो. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी १९७६मध्ये तो हलवून दाखवला. काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीला चिकटवायचं, जरासं ओढून घ्यायचं, मग एकट्या प्रथिनाची उघडमीट पडद्यावर चौकोनी पायऱ्यांसारखी उमटते. दहा पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सहा कोटींहून जास्त आयन, तेही एकाच दारातून. पण आपल्या भिंतीतल्या वायरिंगची घरघर त्या पायऱ्या गिळून टाकते. प्रयोगशाळेतले पहिले चार महिने माझे अर्थिंग शोधण्यात गेले. गाइड हताश झाले होते. मी बापूंना फोन केला. त्यांनी फोनवरूनच सांगितलं, सगळ्या तारा एकाच ठिकाणी आण, दोन ठिकाणी अर्थ दिलास तर घरघर येणारच. दुसऱ्या दिवशी रेषा सरळ झाली. माझ्या प्रबंधाच्या आभारात बापूंचं नाव आहे, आणि ते मुलगी म्हणून घातलेलं नाही. (या क्षेत्रात यायचं असेल तर आधी सोल्डरिंग शिका, असं मी पोरांना सांगते. पोरं हसतात, मग वर्षभराने शिकतात.)

तर तो माल. मी ज्या दारावर काम करत होते ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत असतं. कॅल्शियम वाढलं की उघडतं, पोटॅशियम बाहेर सोडतं आणि वाहिनी सैल पडते. पडद्यातल्या कोलेस्टेरॉलमुळे त्याची उघडमीट कशी बदलते, हा माझा प्रश्न. दिसणारा प्रवाह याच दाराचा आहे हे पटवायला नेमकं तेवढंच दार बंद करणारं बूच लागतं. ते बूच म्हणजे आयबेरिओटॉक्सिन : सदतीस अमिनो आम्लांची इवलीशी साखळी, तीन गंधकबंधांनी आवळलेली. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९०मध्ये ते वेगळं काढलं. कशातून? आपल्याकडच्या तांबड्या विंचवाच्या विषातून. आमच्या माळवदाच्या घराच्या दगडी भिंतीत जो असायचा, बूट झटकले की जो पडायचा, तोच.

माझ्या अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगशाळेने मला एक खोकं पाठवलं. आत दहा किलो कोरडा बर्फ, त्यात माणसाचं ते दार वागवणाऱ्या गोठवलेल्या पेशींच्या दोन कुप्या, आणि शेजारी छोट्या बाटलीत वाळवलेलं शंभर मायक्रोग्रॅम टॉक्सिन, म्हणजे मिठाचे एक-दोन कण. विमान गुरुवारी उतरलं. कोरडा बर्फ रोज दोन-तीन किलो उडून जातो, म्हणजे माझ्या हातात चार दिवस.

शुक्रवारी एजंटचा फोन आला. यादीत 'टॉक्सिन' लिहिलंय, साहेबांनी फाइल बाजूला ठेवली. शनिवार, रविवार. सोमवारी मी रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी दहाला खिडकीवर हजर. संस्थेचं पत्र दिलं : हा पदार्थ संसर्गजन्य नाही, माणसाला किंवा जनावराला द्यायचा नाही. साहेब म्हणाले, पत्रावर गोल शिक्का नाही. परत. बुधवारी गोल शिक्का घेऊन गेले. आता दुसऱ्या खात्याचा ना-हरकत दाखला हवा होता. ते खातं म्हणालं, हे औषध नाही, आमचा संबंध नाही. मग तसं लिहून द्या, म्हटलं. जे आमच्याकडे येतच नाही त्याबद्दल लिहून कसं देणार? हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे, तारखेसह. मी हात जोडले, निदान खोक्यात बर्फ तरी भरू द्या, माझ्या पैशाने, तुमच्यासमोर. सील तोडता येणार नाही. मग तुम्ही तोडा. तपासणीचा आदेश झाल्याशिवाय आम्हालाही तोडता येणार नाही. आदेश कधी? फाइल पूर्ण झाल्यावर. त्यातच एक सरकारी सुट्टी आली आणि तिच्यामागून संबंधित साहेबांची रजा.

देशाचा तो प्रश्न विचारला गेला अकराव्या दिवशी. तेव्हा मी चिडून गप्प बसले होते. आता वाटतं, आजवर एकाही परीक्षकाने मला इतकं नेमकं काही विचारलेलं नाही.

सतराव्या दिवशी खोकं मिळालं, पिसासारखं हलकं. हमालाने एका हाताने उचलून दिलं. कुप्यांमधलं पाणी कोमट होतं. पेशी कधीच मेल्या होत्या. मी तिथेच बाकावर बसून रडले, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं, काय सडलं, आंबे का?

टॉक्सिनला मात्र काही झालं नव्हतं. वाळवलेलं विष, चिवट. सात महिन्यांनी दुसऱ्या पेशी मिळाल्या तेव्हा तीच बाटली मी उघडली. पडद्यावर पायऱ्या उमटत होत्या : उघडं, बंद, उघडं, बंद. बाहेरून त्या विषाचं पाणी सोडलं. पायऱ्या थांबल्या. मिनिटं गेली तरी रेषा सपाट. दारात बूच बसलं होतं. मी ओरडले. सतरा दिवसांचा राग कुठे गेला कळलं नाही, आणि याचाही मला नंतर राग आला.

या विंचवाची आणखी एक गोष्ट आहे. १९८९मध्ये माझा सहा वर्षांचा चुलतभाऊ विंचू चावून गेला. लाकडं काढताना बोटाला चावला. आमच्याकडे मोठ्या काळ्या इंगळीला लोक भितात, जीव घेतो तो हा लहान तांबडा. आधी विष उतरवणाऱ्याकडे नेलं, मग दवाखान्यात. तो घामाने न्हाला होता, हातपाय बर्फासारखे, रात्री तोंडाला फेस. या विषातले दुसरे घटक सोडियमची दारं मिटू देत नाहीत, नसा पेटलेल्याच राहतात आणि शरीर स्वतःच्याच ॲड्रिनलिनमध्ये बुडतं, हे मला वीस वर्षांनी समजलं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. प्रॅझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी या अवस्थेत जीव वाचवते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात रुग्णांवर पाहून लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये १९८६ला छापलं होतं. बावस्कर मूळचे आमच्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. भाऊ जायच्या तीन वर्षं आधी छापलेलं! महाडची बातमी लंडनला पोचली, उमरग्याला नाही. त्या रात्रीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनी तेव्हा सगळीकडे देत तेच दिलं. दोष कोणाला द्यावा हे न कळल्यानेच बहुधा ते सलत राहिलं.

लोक विचारतात, म्हणून तुम्ही विंचवाच्या विषाकडे वळलात का? भाषणात मी हो म्हणते, टाळ्या पडतात. खरं म्हणजे नाही. मी या विषयात आले कारण प्रवेश तिथे मिळाला. टॉक्सिनच्या कागदावर विंचवाचं नाव वाचलं तेव्हा मी अमेरिकेत होते, आणि भावाच्या आधी मला आठवले बूट.

आणि आयात का, याचं अर्धं उत्तर मला माहीत आहे. आपल्याकडेही विंचवाचं विष काढता येतं, त्यातले घटक वेगळे करता येतात, अशी कामं झाली आहेत. मी परवानग्यांचा विचार केला, कितीशे विंचू लागतील याचा केला, आणि बाहेरून मागवलं. सोपं होतं. सरकारला शिव्या देताना हा भाग मी वगळते.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा पुतण्यासाठी अतिनील टॉर्च नेला होता. वीज गेलेली. अंगणाच्या जुन्या दगडी भिंतीवर उजेड फिरवला आणि एका फटीत तो चमकला, हिरवट निळा, घड्याळातल्या रेडियमच्या काट्यासारखा. पुतण्याचा श्वास अडकला. मी त्याला शेपटीचं टोक दाखवत होते, त्यातल्या सदतीस अमिनो आम्लांबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागून आई आली. हातात चप्पल.

"आई, थांब ना. याचं एवढंसं विष आम्ही परदेशातून आणतो."

"मग डब्यात घाल आन् घेऊन जा पुण्याला. इथं लेकरं खाली झोपत्यात."

डबा नव्हता. मी टॉर्च हलू न देता धरून राहिले, तिला नीट दिसावं म्हणून.