रानाचे पाणी

धबधबा पाहायचा तर श्रावणात, हा आम्हां पुणेकरांचा दंडक. श्रावण उलटल्यावर धबधब्याला जाणारा माणूस म्हणजे पंगती उठल्यावर मांडवात शिरणारा पाहुणा! 2023 सालच्या कोजागरीच्या सुमारास मी आणि माझा एक जुना मित्र असेच उशिराचे पाहुणे होऊन भीमाशंकरला पोहोचलो. देवदर्शन झाले, चहा झाला, आणि गुप्त भीमा पाहावी म्हणून आम्ही रानाची वाट धरली.

भीमा उगम पावते ती मंदिरापाशी. पण मुलगी जन्माचीच लाजरी. ती तिथेच दडते आणि दोन-अडीच किलोमीटरांवर, पूर्वेच्या रानात, पुन्हा प्रकट होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्या जागेचे नाव गुप्त भीमा. तिथे एक लहानसा धबधबा शिवलिंगावर पडतो. वाटाड्या म्हणून जवळच्याच वाडीतले एक महादेव कोळी बाबा आमच्याबरोबर आले. "जाताना साक्षी विनायकावरनं जाऊ, येताना दुसऱ्या अंगानं वर काढतो," ते म्हणाले. वाट अवघड नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्यांना बढाई मारता येईल इतकी दमछाक करणारी होती.

रानात शिरलो आणि ऊन मागेच राहिले. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा यांनी वर छतच धरले होते. खोडांवर शेवाळ, पायाखाली पानांचा मऊ थर. एवढ्यात डोक्यावर खडखडाटासारखा आवाज झाला. बाबा थांबले आणि त्यांनी नुसते बोट वर केले. शेकरू! तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी मी पूर्वी चित्रातच पाहिला होता. त्याने एका फांदीवरून पंधरा-वीस फुटांची झेप घेतली आणि पलीकडच्या झाडावर तो दिसेनासा झाला.

"जमिनीवर कमीच उतरतं ते," बाबा म्हणाले. "झाडाला झाड लागून असलं तर त्याचा रस्ता. मधलं एक तोडलं, की रस्ता मोडला."

अर्ध्या-पाऊण तासाने पाण्याचा आवाज आला. आम्ही पावले उचलली, झाडी बाजूला झाली, आणि समोर पाहतो तो काळ्या कातळावरून मनगटाएवढी एक धार खाली येत होती. बस्स! माझ्या मित्राने कमरेवर हात ठेवले.

"अरे, आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते, तेव्हा याहून जास्त पाणी पडतं!"

मलाही हसू आले. बाबा हसले नाहीत. ते शांतपणे दगडावर टेकले.

"पाव्हणं, पावसात पडतं ते आभाळाचं पाणी. ते उघड्या माळावरनंबी पडतं. आता पाऊस जाऊन तीन आठवडं झालं. आता पडतंय ते रानाचं पाणी."

मग त्यांनी मला वाटेकडेच्या पानांत हात घालायला लावला. वरची पाने कुरकुरीत होती. चार बोटे खाली माती गार आणि ओली लागली. या डोंगरावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काळा पाषाण एवढे पाणी कुठे साठवणार? ते धरून ठेवतात ही पाने, ही मुळे, ही माती. आणि मग जपून खर्च करणाऱ्या गृहिणीसारखी थोडे थोडे सोडत राहतात.

परतीच्या वाटेने चढून गेलो, तेव्हा हे डोळ्यांनीच दिसले. एका उघड्या उतारावरून आलेला ओढा आडवा लागला. पात्र रुंद, गोटे मोठाले, आणि पाण्याचा थेंब नाही! डोंगर तोच, पाऊस तोच.

"माझा बा सांगायचा, याला पुसापातूर पाणी असायचं," बाबा म्हणाले. "वरचं रान कोळशाला गेलं. खालचं देवाचं. त्याला कुणी कोयता लावला नाही."

1985 साली भीमाशंकरला अभयारण्य जाहीर झाले. सुमारे 130 चौरस किलोमीटरांचे हे रान आता कायद्याने राखीव आहे. पण कायदा येईपर्यंत देवराईची राखण केली ती देवाच्या धाकाने आणि वाडीवाडीतल्या अशा माणसांनी. हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. तिच्या वाळवंटात लाखो लोक लोटांगण घालतात. पण तिची धार जिथे पानांखाली जपली जाते, तिथल्या मातीला नमस्कार करावा असे मला तोवर कधी सुचले नव्हते.

मंदिर दिसू लागले, तेव्हा मी मित्राला डिवचले, "काय, पुढच्या वर्षी श्रावणात यायचं ना, खरा धबधबा बघायला?"

तो बुटातली माती झाडत होता. मान वर न करताच म्हणाला, "नको. मार्गशीर्षात येऊ. धार टिकली का, ते बघायला हवं."