पत म्हणजे काय?



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील तालुक्यांत कर्जाविषयी एक समज आम्हांस घरोघर आढळतो. पहाणी निर्दोष असली, गहाण ठेवावयास चार तोळे सोने असले आणि दोन जामीनदार मिळाले, की बँकेने कर्ज दिलेच पाहिजे. न दिल्यास मॅनेजर खाष्ट, किंवा आपली ओळख कमी पडली! धर्मगुरूंचे शिफारसपत्र मागावयास मंडळी येतात ती याच समजुतीने. तेव्हा बँक खरोखर पाहते तरी काय, हे जाणून घ्यावे म्हणून गेल्या उपवासकाळात आम्ही एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांपाशी विद्यार्थी होऊन बसलो. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, थोडे लॅटिनही शिकविले. ताळेबंद वाचावयास मात्र कोणी शिकविले नव्हते.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "फादर, तारण हे मागचे दार आहे. कर्ज फिटायचे ते उत्पन्नातून. जमीन विकून फिटले, तर आम्ही ते द्यायलाच नको होते असे समजा."

आमच्या बहुतेक कुटुंबांस ही गोष्ट ठाऊक नाही. बँक माणसाची मागील फेड पाहते, स्वतःच्या पदरचे किती घालणार हे विचारते, पाऊस व बाजारभाव यांचा अंदाज घेते, तारणही पाहते. परंतु या सर्वांच्या मध्यभागी एकच प्रश्न असतो: हप्त्याचा पैसा कोठून येणार, आणि केव्हा येणार?

यातील 'केव्हा' हा शब्द महत्त्वाचा. समजा, एका घराने म्हशीसाठी ८०,००० रुपये १२ टक्के व्याजाने ३ वर्षांकरिता घेतले. हप्ता महिना सुमारे २,६६० रुपये. म्हैस रोज ६ लिटर दूध देते, लिटरला ४० रुपये मिळतात. महिन्यास ७,२०० झाले. चारा-पेंडीस निम्मे गेले, ३,६०० उरले. हप्ता सहज निघतो, असे कोणीही म्हणेल. परंतु म्हैस वर्षातील चार महिने भाकड राहते आणि त्या महिन्यांतही तिला खावयास लागते. आठ महिन्यांचे २८,८०० मिळाले, भाकड काळात महिना १,५०० प्रमाणे ६,००० गेले. वर्षास राहिले २२,८००. हप्ते मात्र सुमारे ३१,९०० रुपयांचे! महिन्याच्या हिशोबात उत्तीर्ण झालेले कर्ज वर्षाच्या हिशोबात नापास होते. तेच कर्ज ५ वर्षांचे केले, तर हप्ता १,७८० होतो, वर्षास २१,३६०, आणि गाडी कशीबशी रुळावर राहते. व्याज एकंदरीत अधिक जाते, हे खरे. परंतु म्हैस विकावी लागत नाही. म्हणजे हा हिशोब केवळ नकार देण्यासाठी नसतो. कर्जाचा अंगरखा माणसाच्या मापाने बेतण्यासाठी असतो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभू येशूने सांगितले. तो दाखला आम्ही आता निराळ्या कानांनी ऐकतो.

तुरीवर जगणाऱ्या घराचे गणित आणखी वेगळे. पैसा येतो तो राशीनंतर, वर्षातून एकदा. म्हणून पीककर्जाची फेड हंगामाशी बांधलेली असते. अशा घराने आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज उचलले, की पहिला हप्ता फेडण्यास दुसऱ्या कंपनीचे आणि दुसरा फेडण्यास आडतदाराचे, अशी साखळी लागते. लहान कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून घातला आहे. हा नियम सावकाराच्या वहीत नाही, म्हणून तो निदान आपल्या वहीत असावा.

ज्याच्यापाशी तारणच नाही, त्याची पत कशी जोखावी? याचे उत्तर आमच्या बिदरनेच दिले आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने, गुरुपादप्पा नागमारपल्ली अध्यक्ष असताना, तो मोठ्या प्रमाणावर उचलला. गटास कर्ज देताना पाहावयाचे ते सभेची हजेरी, बचतीची नियमितता, आपसांत दिलेल्या पैशाची वसुली, आणि वही नीट लिहिली आहे की नाही. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा बाईची पत त्या वहीत जमा होते. लॅटिनमधील ज्या धातूपासून 'क्रेडो' आला, त्यापासूनच 'क्रेडिट' आला. मात्र बँकेस विश्वासाबरोबर वहीही लागते, आणि त्यात आम्हांस काही गैर वाटत नाही.

आपल्या धर्मसभेस हे नवीन नव्हे. रांचीस येशूसंघीय फादर हॉफमन यांनी १९०९ साली कॅथलिक सहकारी पतसंस्था उभारली ती आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी. वसईस मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली लावलेले रोप आज बसीन कॅथलिक बँक म्हणून उभे आहे.

आता जामीनदारांविषयी. या एका बाबतीत आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. सोयऱ्याने गळ घातली, भिडेने सही केली, असे आपल्याकडे सर्रास चालते. सही करणारा समजतो की आपण केवळ साक्षीदार. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँक सरळ त्याच्या दारीही येऊ शकते. एक माउली आम्हांस म्हणाली, "फादर, भावजीला नाही कसं म्हणू?" आम्ही म्हणालो, "नाही म्हणू नकोस, बाई. भावजींना म्हशीचा हिशोब मांडून दाखवा म्हण." हिशोब भावजींपाशी नव्हता. तो तिने आणि जावेने मिळून पाटीवर मांडला, आणि रक्कम निम्म्यावर आली. सही तिने केली.

त्या अधिकाऱ्यांनी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या सभागृहात बसण्याचे मान्य केले आहे. येताना पहाणी, पासबुक, गटाची वही आणि दूध संघाच्या पावत्या आणाव्यात. शिफारसपत्राची आवश्यकता नाही.