मामाचे कान

चष्मा लागला की माणूस अभ्यासू दिसतो. कानाला यंत्र लागलं की तोच माणूस म्हातारा होतो. आपल्या जत्रेतल्या नाटकांत तर बहिरा म्हातारा म्हणजे हमखास हशा. विचारायचं एक, त्याने उत्तर द्यायचं भलतंच! म्हणून यंत्राची किंमत नुसती रुपयांत मोजून चालत नाही.

माझा मामा 1969 साली फोंड्याहून इंदूरला गेला आणि तिथलाच झाला. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर त्याची तेहेतीस वर्षं गेली. (नावात पोलो, पण आता तिथे शेड्स आणि वीज कंपनीचं मुख्य कार्यालय.) 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षं ऐकला की कानाच्या आतल्या केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ गळतात. 'सात', 'हात', 'पाठ' सगळं सारखंच. "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत," मामा म्हणायचा. त्याच्या मराठीत आता 'भिया' आणि 'अपन' शिरलेत, पण ऐकू आलं नाही की तोंडातून अजून निघतं ते "कितें?"

यंत्र घे म्हटलं की चिडायचा. एका कानाचं बरं डिजिटल यंत्र पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातं हे खरं, पण मुलगा पैसे भरायला तयार होता. अडत होतं ते वेगळंच.

शेवटी नातवाने आपला जुना आयफोन आणि एअरपॉड्स त्याला दिले. त्यांत 'लाइव्ह लिसन' म्हणून एक सोय आहे. फोन बोलणाऱ्यासमोर ठेवायचा, तो माइक होतो, आवाज थेट कानात. जेवणाच्या टेबलावर आमटीशेजारी फोन! मामा पुन्हा वाद घालायला लागला, आणि मामीला आपण काय मागितलं होतं याचा पश्चात्ताप झाला.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एअरपॉड्स प्रो 2 ला श्रवणयंत्रासारखं वापरायची मान्यता दिली. प्रौढांसाठी, सौम्य ते मध्यम कमतरतेपुरतीच. तेव्हा ती सोय भारतात बंद होती. तर बेंगळुरूच्या तिघा तरुणांनी आपल्या आज्यांसाठी फॉइल, जाळी आणि चक्क मायक्रोवेव्ह ओव्हन वापरून एअरपॉड्सना आपण अमेरिकेत आहोत असं भासवलं. आजीसाठी माणूस काय काय करतो!

पण स्वस्त म्हणताना जरा थांबायला हवं. तेच एअरपॉड्स 2022 मध्ये आपल्याकडे आले ते 26,900 रुपयांना, आणि वर आयफोन किंवा आयपॅड हवाच. दोन हजारांचे बड्स बाहेरचा आवाज आत सोडतात, पण कुठली पट्टी तुमच्या कानाला कमी पडते हे त्यांना कळत नाही. भांड्यांचा खणखणाटही तेवढाच मोठा. बॅटरी पाच-सहा तासांची. आणि आमच्या कारकुनी डोक्याला खुपणारी गोष्ट: श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य, बड्सवर 18 टक्के.

खरी पंचाईत मात्र वेगळीच झाली. मामा एका ओळखीच्या घरी समाचाराला गेला, कानात पांढरे बड्स. तिथल्या जावयाने सगळ्यांसमोर सुनावलं, "काका, आज तरी गाणी बंद ठेवा." मामाने बड्स काढून खिशात घातले आणि तासभर कुणाचा एक शब्द न कळता बसून राहिला. यंत्र लावलं असतं तर लोकांनी ओरडून बोलून जीव खाल्ला असता, पण असं कुणी बोललं नसतं.

त्यानंतर तो आपणहून तपासणीला गेला. डावा कान मध्यम, उजवा तीव्र. तीव्रला बड्स पुरत नाहीत, असं तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख दाखवून सांगितलं. ही तपासणी आधी व्हायला हवी होती, हे मात्र घरात सगळ्यांनी बड्सच्या कौतुकात विसरायचं ठरवलं होतं. एकाच कानाला कमी येत असेल, कान वाहत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं तर बड्स शोधत बसू नये. एकाएकी गेलेला कान काही दिवसांत उपचार झाले तर परत येऊ शकतो, उशीर झाला तर कठीण.

आता मामाच्या कानांमागे यंत्रं आहेत. लग्नाला जाताना मात्र ती घरी ठेवून तो एअरपॉड्सच लावतो. मामी म्हणते, "जाऊं दे गो, त्या बँडबाजात ऐकण्यासारखं असतं तरी काय!"