मरणाची जाण आणि अभयदान

मुळशी तालुक्यातील भरे गावासारख्या भातशेतीच्या मुलखात जोडीतील एक बैल दगावला, की दुसरा कधी कधी पुढ्यातील वैरणीला तोंड लावत नाही. त्याला वियोग जाणवतो. परंतु ‘एके दिवशी मीही जाणार’ हे त्यास कळते काय? उत्तर बंगालमधील चहाच्या मळ्यांत हत्तींनी मृत पिले पुरल्याच्या पाच घटना संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांवरून शोकाचे अनुमान निघते, स्वतःच्या मृत्यूच्या ज्ञानाचे नव्हे.

जैनदर्शन भयसंज्ञा एकेंद्रियापासून मानते. मन मात्र संज्ञी जीवांसच असते, आणि बैल, हत्ती त्यांत मोडतात. भगवान महावीरांच्या बोधानंतर मुंग्यांचे दंश समभावाने सोसत देह ठेवणाऱ्या चंडकौशिक सर्पाची कथा तर तिर्यंचासही अंतसमय उमगू शकतो, असे सुचविते.

तथापि दया या निर्णयासाठी थांबत नाही. भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल उसळली. १८३४ मध्ये तेथे पांजरपोळाची स्थापना झाली. त्यात आसरा मिळण्यास मरणाचे ज्ञान ही अट नव्हती. आपला अंत निश्चित आहे, हे मनुष्य निःसंशय जाणतो. म्हणून अभयदानाचे देणे त्याच्याच खात्यावर नावे पडते.